सीमेवरचे नाणे आणि त्यावरचा बट्टा

देशाच्या सीमेलगत दुकाने थाटून बसलेल्या व्यापाऱ्यांनी परक्या देशाचे चलन स्वीकारावे की नाही, हा प्रश्न अधूनमधून डोके वर काढतो. रक्सौल-सोनौलीच्या बाजारात नेपाळी रुपया चालतो, जयगावच्या पेठेत भूतानचा नगुल्ट्रम चालतो, आणि आमच्या गोमंतकाच्या किनाऱ्यावर, जेथे सीमा म्हणजे विमानतळ आणि बंदर, तेथेही एखादा खानावळवाला पाहुण्याने पुढे केलेली परदेशी नोट निमूटपणे गल्ल्यात टाकतो. यावर दोन प्रकारची मते नेहमी ऐकू येतात. दारी आलेले गिऱ्हाईक परत पाठवणे हा धंद्यातला करंटेपणा होय, असे व्यापारी म्हणतात. रुपया हे सार्वभौमत्वाचे चिन्ह आहे, त्याच्या जागी दुसऱ्याचे नाणे घेणे म्हणजे स्वाभिमान गहाण टाकणे, असे दुसरा पक्ष म्हणतो. दोन्ही मतांत तथ्य आहे. तथापि दोन्ही पक्ष दुकानाच्या दर्शनी बाजूस उभे राहून बोलतात, असे आम्हांला वाटते. गल्ल्यात पडलेली ती नोट पुढे कोणाच्या हाती जाते आणि तेथे तिची किंमत किती उरते, हे पाहावयाचे तर दुकानाच्या मागच्या दाराने आत शिरले पाहिजे.

त्यासाठी आम्ही वाचकांना सीमेपासून शेकडो कोस आत, माळव्यात नेऊ इच्छितो. देवास जिल्ह्यात टोंकखुर्द नावाची तहसील आहे. आज तिला कोणी सीमेवरचे गाव म्हणणार नाही. परंतु शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी माळव्याचा हा भाग म्हणजे सीमांचे जाळेच होते. शिंद्यांचे ग्वाल्हेर, होळकरांचे इंदूर, पवारांचे धार, आणि त्याच पवारांच्या दोन शाखांचे देवास, थोरली पाती आणि धाकटी पाती. एका देवास शहरात दोन राजे, दोन दरबार, दोन कारभार. १९२१ साली थोरल्या पातीच्या महाराजांचे खासगी चिटणीस म्हणून काम केलेल्या ई. एम. फॉर्स्टर या इंग्रज कादंबरीकाराने या दुहेरी राज्याची गंमत जगाला सांगितली. परंतु जी गोष्ट पाहुण्याला गमतीची वाटते, ती रयतेला रोज निभवावी लागते. बैलगाडी जुंपून बाजाराला निघालेल्या शेतकऱ्याला दिवसाकाठी दोन-तीन राज्यांच्या हद्दी ओलांडाव्या लागत, आणि हद्दीगणिक नाणे बदलण्याचा संभव असे.

माळव्यात त्या काळी निरनिराळे रुपये फिरत होते. प्रतापगडच्या टांकसाळीतला सालिमशाही रुपया, इंदूरचा हाली, उज्जैनचा रुपया, आणि या सर्वांवर इंग्रजांचा यंत्रावर पाडलेला ‘कलदार’. जोवर चांदीच्या वजनावर रुपयाची किंमत ठरत होती, तोवर सराफ नाणे वाजवून पाही, कस लावी आणि बेताचा बट्टा कापून मोड देई. १८९३ मध्ये हिंदुस्थान सरकारने लोकांनी आणलेल्या चांदीचे रुपये पाडून देणे बंद केले, आणि कलदार चांदीच्या भावापासून सुटा झाला. चांदी घसरत राहिली, कलदार टिकून राहिला, संस्थानांचे रुपये मात्र चांदीबरोबर खाली गेले. सालिमशाहीची इतकी दैना झाली की शंभर कलदारांसाठी जवळजवळ २०० सालिमशाही मोजण्याची पाळी आली. अखेर विसाव्या शतकाच्या आरंभी ते नाणे गोळा करून त्याच्या जागी कलदार आणावे लागले.

या घसरणीत कोण बुडाले? सावकार आणि सराफ बुडाले नाहीत. उद्याचा भाव आज हेरणे हा त्यांचा व्यवसायच होता, हाती आलेले उतरते नाणे ते लगोलग दुसऱ्याच्या हाती देत. ज्याला धान्याचा किंवा मजुरीचा पैसा उतरत्या नाण्यात मिळाला आणि आगगाडीचे भाडे, सीमेपलीकडची खरेदी चढत्या नाण्यात द्यावी लागली, तो बुडाला. दोन नाण्यांमधली फट त्याच्या खिशातून भरली गेली. परकीय चलनाच्या प्रश्नाचे मर्म येथे आहे, असे आम्ही मानतो. मोठा दुकानदार परदेशी नोट सोयीची असेल तेव्हा घेतो आणि सोयीची नसेल तेव्हा खालच्याच्या माथी मारतो. त्या खालच्याला नाही म्हणण्याची सोय नसते.

आता याच देवासचे दुसरे उदाहरण पाहावे. १८८८ साली देवासच्या दोन्ही पात्यांनी तांब्याची नाणी पाडून घेतली, पाव आणा आणि आण्याचा बारावा भाग म्हणजे पै. थोरल्या पातीची वेगळी, धाकट्या पातीची वेगळी. आदल्याच वर्षी धारनेही तसे केले होते. परंतु ही नाणी १८७६च्या कायद्यानुसार सरकारी टांकसाळीत पाडली गेली, त्यांवर व्हिक्टोरिया राणीचा मुखवटा होता आणि माप ब्रिटिश नाण्यांचेच होते. भाऊबंदांनी नावे खुशाल निराळी कोरली. किंमत एकच राहिल्याने थोरलीचा पाव आणा धाकटीच्या हद्दीत कापून घेण्याला कोणाला कारण उरले नाही. म्हणजे नाण्यावरचे नाव परके असणे हा मूळ दोष नव्हे. त्याच्या मोबदल्याची हमी कोणी देत नाही, तेव्हा उपद्रव सुरू होतो. (त्याच देवासमध्ये १९७०च्या दशकापासून बँक नोट प्रेस उभी आहे आणि साऱ्या देशाच्या हातात फिरणाऱ्या नोटा तेथे छापल्या जातात, हाही इतिहासाचा एक मिश्किलपणाच.)

आमच्या वाचकांना हे परके वाटू नये. १८७८च्या अँग्लो-पोर्तुगीज तहानंतर गोव्याची नाणी कलकत्त्याच्या टांकसाळीत पाडली जाऊ लागली, रुपिया आणि रुपया समान मानले गेले, आणि पत्रादेवीच्या वाटेवर दोन्ही नाणी सारखीच वाजू लागली. त्या तहाने गोव्याचे मीठ आणि जकात ब्रिटिशांच्या हाती गेली, हे आम्ही विसरलो नाही. तो तह १८९२ मध्ये संपला, हेही योग्यच झाले. परंतु नाण्यांपुरते पाहिले तर सीमेवरच्या गरिबाला त्याचा जाच नव्हता. पुढे सालाझारशाहीने १९५९ मध्ये रुपिया काढून एस्कुदो आणला. सहा एस्कुदोंचा एक रुपिया हे गणित गोमंतकीयांना घोकावे लागले. लिस्बनशी नाळ घट्ट करण्याचा तो अट्टहास होता. तीनच वर्षांत मुक्त गोव्याने तो मोडीत काढला.

चलन नाकारणे हेही नेहमी देशभक्तीचे काम असते असे नाही. मराठवाड्यातील वडीलधाऱ्या मंडळींनी निजामी अमलातील हाली सिक्का पाहिला होता. साधारणपणे ७ हाली रुपयांना ६ कलदार असा भाव असे, आणि सोलापूर-अहमदनगरच्या सरहद्दीवरील बाजारांत दोन्हींचा हिशेब तोंडपाठ असे. २९ नोव्हेंबर १९४७ रोजी जैसे थे करार झाला आणि त्यानंतर काही आठवड्यांतच हैदराबाद सरकारने वटहुकूम काढून हिंदी चलन आपल्या राज्यात अग्राह्य ठरवले. तो हुकूम शेतकऱ्याच्या हितासाठी निघाला नव्हता. जनता ज्या राष्ट्रात मिसळू पाहत होती, त्या राष्ट्राचे नाणेसुद्धा तिच्या हाती असू नये, हा त्यामागचा हेतू होता. सप्टेंबर १९४८ मध्ये तो अंमल संपला. हाली सिक्का मात्र लगेच रद्द झाला नाही. भारत सरकारने तो टप्प्याटप्प्याने, १९५०चे दशक संपेपर्यंत, मागे घेतला. खेड्यातील माणसाने गाडग्यात साठवलेले हाली रुपये एका रात्रीत खापऱ्या होऊ नयेत, एवढी दक्षता त्या वेळी घेतली गेली.

ती दक्षता प्रत्येक वेळी घेतली जाते असे नाही. नोव्हेंबर २०१६ मध्ये आपल्या सरकारने ५०० व १००० रुपयांच्या नोटा रद्द केल्या तेव्हा आपला रुपयाच दुसऱ्याच्या सीमेवरचे परके चलन होता. नेपाळमधील दुकानदारांनी आणि भारतात मजुरी करून परतलेल्या नेपाळी माणसांनी विश्वासाने जपलेल्या नोटांचा प्रश्न वर्षानुवर्षे लोंबकळत राहिला. पुढे डिसेंबर २०१८ मध्ये नेपाळ सरकारने शंभरावरील भारतीय नोटा बंद केल्या, यात नवल ते काय! १९६६च्या अवमूल्यनाचा इतिहासही असाच आहे. त्याआधी आखातातल्या काही शेखराज्यांत रिझर्व्ह बँकेने १९५९ पासून खास काढलेला ‘आखाती रुपया’ चालत असे. दिल्लीत एक निर्णय झाला आणि दुबई-कतारच्या दुकानदाराच्या पेटीतली रक्कम हलकी झाली. त्या देशांनी पुढे आपापली नाणी काढली. भूतानने नगुल्ट्रम १९७४ पासून रुपयाशी समान ठेवला आहे. तरीही २०१२ मध्ये तेथे रुपयांची चणचण भासून मध्यवर्ती बँकेने रुपये देण्यावर निर्बंध आणताच जयगावच्या पेठेत त्या समान नोटेवरही बट्टा कापला जाऊ लागला. समानता कागदावर असून भागत नाही. नोट घेऊन रुपया देणारी खिडकी उघडी असावी लागते.

आपला आजचा कायदा काय सांगतो? १९९९च्या परकीय चलन व्यवस्थापन कायद्याने, जो २००० सालापासून अमलात आहे, परकीय चलनाचा व्यवहार अधिकृत व्यक्तींमार्फतच व्हावा असे ठरवले आहे. परदेशी पाहुण्याने सेवेपोटी दिलेले चलन २००० डॉलरच्या मूल्यापर्यंत जवळ बाळगण्याची मुभा व्यक्तीला आहे, त्यावरचे १८० दिवसांच्या आत अधिकृत व्यक्तीकडे द्यावे लागते. मेघालयाच्या सीमेवर बांगलादेशाशी २०११ मध्ये सुरू झालेल्या सीमाहाटांत तर टका आणि रुपया दोन्ही चालतील, खरेदीला मर्यादा राहील, अशी सरळ तरतूद झाली. याचा अर्थ सरकारलाही सरसकट बंदी शक्य वाटत नाही. बंदी घातली तरी सीमेवर ती पाळली जात नाही. ती फक्त व्यवहार अंधारात ढकलते, आणि अंधारातला भाव नेहमीच दुर्बळाच्या विरुद्ध असतो.

म्हणून सीमेवरच्या आणि किनाऱ्यावरच्या व्यवसायांनी परकीय चलन स्वीकारण्यास आमचा विरोध नाही. परंतु ज्या दुकानात ते घेतले जाते, तेथे त्या दिवसाचा भाव ठळक अक्षरांत लावलेला असावा. सुटे पैसे रुपयांतच परत मिळावेत. नोकर, हमाल, नावाडी, पुरवठादार यांचा मोबदला परक्या नोटांत देणे हा दंडनीय अपराध मानावा, मग घेणाऱ्याने मान डोलावली असली तरी. उपाशी माणसाच्या संमतीला किती किंमत द्यावयाची, हे आम्हांला मिठागरांतील आणि खाणींवरील मजुरांनी शिकवले आहे. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे अधिकृत विनिमयाची खिडकी शहरातल्या बँकेत न ठेवता नाक्याजवळ, बाजाराच्या वेळी उघडी असली पाहिजे. भूतानमध्ये २०२१ पासून आणि नेपाळमध्ये २०२४ पासून यूपीआय चालू झाले, हे स्वागतार्ह आहे. परंतु सीमा ओलांडून आठवड्याचा बाजार करणाऱ्या म्हातारीच्या कनवटीला मोबाइल नसतो, नोट असते. ती नोट घेऊन नाक्यावरच्या बँकेत गेल्यावर शाखाधिकाऱ्याने तिला जिल्ह्याच्या ठिकाणी पिटाळू नये, एवढी व्यवस्था रिझर्व्ह बँकेला एका परिपत्रकाने करता येण्यासारखी आहे.