भूत नको, पाणी शोधा

परवा वीकेंडला पुण्याहून घरी गेलो होतो, म्हणजे संभाजीनगरला. (तोंडात अजून औरंगाबादच येतं, सवय!) शाळेतले चौघे जमलो आणि 'द टनेल' बघितला. २०११ चा ऑस्ट्रेलियन भयपट, 'सापडलेल्या चित्रीकरणा'च्या जातीचा. संपल्यावर एकाने जाहीर केलं, "अरे, आपल्याकडे दौलताबादची अंधारी आहे की! दोन मोबाईल, एक टॉर्च, भरपूर किंचाळ्या. झाला पिक्चर!" सगळे खूश. माझं मात्र डोकंच फिरलं.

अहो, सिनेमा नीट बघितला का? सिडनीखालच्या वापरात नसलेल्या रेल्वे बोगद्यांत पाणी साठलंय. सरकार ते वापरायची योजना जाहीर करतं आणि नंतर गुपचूप गुंडाळतं. एक बातमीदार बाई विचारते, का? उत्तर मिळत नाही, म्हणून ती कॅमेरा घेऊन खाली उतरते. पुढे जे काय व्हायचं ते होतं. पण सगळी भीती उभी आहे ती त्या एका 'का' वर. आमच्या मंडळींनी नेमका तोच गाळला!

अंधारीत भूत नाही हो. शत्रूला अंधारात चुकवायचं आणि शेवटी धुराने कोंडायचं, असं ते डोकेबाज इंजिनिअरिंग आहे.

आणि बोगदेच हवेत तर ते आपल्या पायाखाली आहेत. मलिक अंबरने १६१८ च्या सुमारास नहर-ए-अंबरी बांधली. डोंगराकडचं पाणी जमिनीखालून, नुसत्या उतारावर शहरात. पंप नाही, वीज नाही. नंतर आणखी नहरी झाल्या, पाणचक्की फिरवणारी त्यातलीच एक. आज जायकवाडीचं पाणी पंपांनी उपसून वर चढवावं लागतं. माझ्या लहानपणी आमच्या गल्लीत नळ यायचा वार ठरलेला असे, आई रात्री दोनला उठून ड्रम भरायची. त्याच शहरात नहर कुठे खोदकामात फुटली, कुठे तिच्यावर बांधकामं चढली. याहून भयानक पटकथा कुठली?

नहर आजच्या लाखोंच्या शहराला पुरणार नाही, हे मलाही कळतं. पण चालू असलेली गोष्ट मोडू का दिली, हे तरी विचाराल की नाही? सर्व्हर पडला तर आपण भूत शोधतो का? लॉग उघडतो. सापडलेलं चित्रीकरण म्हणजे तरी दुसरं काय, लॉगच!

"पाण्यावरचा पिक्चर कोण बघणार, आणि पैसा?" मित्राचा सवाल. 'द टनेल'वाल्यांनी सिनेमाची एकेक फ्रेम एका डॉलरला विकायला काढली आणि सिनेमा टोरंटवर फुकट सोडला. तेव्हा ही सबब बंद.

माझेही हात स्वच्छ नाहीत. पाणचक्कीच्या हौदापाशी फोटो काढलेत, पण हे पाणी येतं कुठून असं एकदाही विचारलं नाही. आईने ड्रम भरला, मी आंघोळ केली. संपलं.

असो. पुढच्या शनिवारी पाणचक्कीपासून उलटं, डोंगराकडे चालत निघतोय. खाली उतरायचं नाही, जमिनीवरूनच नहरीचा माग काढायचा. जिथे माग तुटेल तिथे थांबून आजूबाजूच्या म्हाताऱ्यांना विचारायचं, इथलं पाणी कधी थांबलं? कॅमेरा घेऊन या. किंचाळायला येत नसलं तरी चालेल :)