अनुभव कोणत्या रकान्यात लिहावा?

डॉक्टरांच्या स्मरणिकेत वैमानिकांच्या पगारावर लेख कशासाठी, असे संपादक विचारतीलच. परंतु रात्री दोन वाजता, सलग दुसऱ्या दिवसाच्या जागरणात, नवजात बाळाची शीर शोधलेल्या माणसाला हा विषय परका वाटू नये.

१२ फेब्रुवारी २००९ रोजी अमेरिकेत बफेलोजवळ कोल्गन एअर या प्रादेशिक कंपनीचे विमान कोसळले आणि ५० माणसे दगावली. चौकशीत कारण ठरले ते कप्तानाची चुकीची प्रतिक्रिया. सुनावणीत मात्र आणखीही काही उघड झाले. सहवैमानिक तरुणी सिएटलकडे आईवडिलांजवळ राहत असे व रात्रभर प्रवास करून नेवार्कला कामावर आली होती. तिच्या वार्षिक वेतनाचे सोळा ते चोवीस हजार डॉलरांच्या दरम्यानचे आकडे तेव्हा चर्चेत आले. विमानावर नाव होते कॉन्टिनेन्टल या बड्या कंपनीचे!

२०१३ पासून सहवैमानिकालाही सर्वसाधारणपणे १५०० तासांचा अनुभव आवश्यक झाला. कोविडनंतर मोठ्या कंपन्यांनी छोट्यांचे वैमानिक ओढून नेले, लहान गावांच्या फेऱ्या बंद पडू लागल्या, तेव्हा कुठे थैल्या सुटल्या. जून २०२२ मध्ये अमेरिकन एअरलाइन्सच्या उपकंपन्यांनी नवख्या सहवैमानिकाला, तात्पुरती वाढ धरून, तासाला ९० डॉलर देऊ केले. अनुभवी माणसाने थेट कप्तान म्हणून यावे यासाठी काही ठिकाणी लाख डॉलरपर्यंत बोनस जाहीर झाले.

या बोनसचे मला फारसे कौतुक नाही. त्याला बहुधा सेवेच्या मुदतीचे बंधन असते. आणि मूळ दुखणे तसेच राहते. तेथे सारे काही सेवाज्येष्ठतेच्या यादीवर चालते. कोणता मार्ग, कोणती सुट्टी, मंदीत प्रथम कोणाची कपात, हे रुजू झाल्याच्या तारखेवर ठरते. वीस वर्षे उडवलेला कप्तान कंपनी बदलताच यादीच्या तळाशी जातो. काही कंपन्या पूर्वीची वर्षे निदान वेतनश्रेणीत मोजतात. मला तोच मार्ग न्याय्य वाटतो. यादीतील क्रमांक मात्र द्यावा असे मी म्हणणार नाही. पडत्या काळात जे टिकून राहिले, त्यांना डावलून नवागताला दिवाळीची सुट्टी देणे योग्य नव्हे. (नाताळची म्हणा हवे तर.)

अठरा वर्षांच्या व्यवसायानंतर मी एका धर्मादाय रुग्णालयात रुजू झालो. लेखनिकाने नम्रपणे सांगितले, "सर, आपली सेवा आजपासून धरली जाईल." वेतन नवनियुक्ताचे ठरले. त्याच आठवड्यात नवजात अतिदक्षता विभागाच्या रात्रपाळ्या माझ्याकडे आल्या, कारण, अधीक्षकांच्या शब्दांत, "आपला अनुभव दांडगा आहे." वेतनपत्रकात नसलेला अनुभव ड्यूटीच्या तक्त्यात बरोबर सापडला होता. मी तीन वर्षांनी ते काम सोडले. माझ्यानंतर त्या जागेवर पाच महिने कोणी आले नाही, आणि तेवढे दिवस कमी वजनाची बाळे अँब्युलन्सने पुढच्या शहरात जात राहिली.

आपल्या सभासदांपैकी अनेकजण ट्रस्टच्या रुग्णालयांवर विश्वस्त आहेत. पुढच्या बैठकीत नियुक्तिपत्राचा नमुना त्यांनी एकदा मागवून पाहावा. त्यात पूर्वीच्या सेवेसाठी रकाना आहे का, आणि असल्यास त्याचा वेतनाशी काही संबंध जोडला आहे का, एवढेच पाहावे.