एमआरआयचा खर्च आणि आपली चिठ्ठी

कटिशूलाचा रुग्ण हल्ली एमआरआयची फिल्म हाती घेऊनच येतो. औषधे लिहून दिली की औषधालयात तोच म्हणतो, "तपासणीतच पैसे गेले, महिन्याचे नको, आठवड्याचेच द्या." औषधालयचालकांना हे वाक्य नवे नाही.

ही तपासणी महाग का, हे आधी समजून घ्यावे. नेहमीच्या १.५ टेस्ला यंत्रातील अतिसंवाहक चुंबक द्रवरूप हेलियमने उणे २६९ अंश सेल्सिअसपर्यंत थंड राखावा लागतो. रुग्ण असो वा नसो, हे शीतकरण रात्रंदिवस चालते. सीटी स्कॅनचे चित्रण काही सेकंदांत उरकते. कण्याच्या एमआरआयला मात्र वीस-तीस मिनिटे सहज जातात. म्हणजे दिवसभरात रुग्ण मोजकेच, आणि यंत्र, देखभाल, वीज, तंत्रज्ञ व क्ष-किरणतज्ज्ञ यांचा सारा भार त्यांच्यावरच वाटला जातो. इथवरचा खर्च आम्हांस रास्त वाटतो.

रास्त नाही तो चिठ्ठी पाठविणाऱ्याचा 'कट'. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या आचारसंहितेने अ‍ॅलोपॅथीच्या डॉक्टरांना असे कमिशन घेण्यास मनाई केली. महाराष्ट्रात २०१७ मध्ये कट प्रॅक्टिसविरोधी कायद्याचा मसुदाही तयार झाला. तरीही पाकिटे थांबलेली नाहीत, आणि ती केवळ अ‍ॅलोपॅथीच्याच टेबलावर जातात असे कोणी समजू नये. (काही वैद्यबंधूंना हे वाचून राग येईल, येऊ द्या.) ती रक्कम केंद्रचालक पदरची देत नाही, रुग्णाच्या बिलातूनच काढतो. चिठ्ठीवर 'कमिशन नको, रुग्णास सवलत द्यावी' एवढे लिहिण्यास कोणाची हरकत आहे?

मुळात चिठ्ठी लागते का, हेही पाहावे. मूत्रावरोध, गुदप्रदेशी बधिरता, पायातील बळ घटणे, ज्वर, अकारण कृशता, पूर्वीचा कर्करोग वा मोठा आघात असेल, तर रुग्णास तातडीने तज्ज्ञाकडे धाडावे. बस्तीचा विचार नंतर. एरवी साध्या कटिशूलात पहिले सहा आठवडे फिल्मवाचून चिकित्सा करण्यास आधुनिक शास्त्राचीही संमती आहे. वेदना नसलेल्या चाळिशीपुढील कित्येकांच्या कण्यातही चकतीचा फुगवटा दिसतो. अहवालातील तो शब्द वाचून घाबरलेल्या रुग्णास समजाविण्यातच आमचा वेळ जातो. दर्शन, स्पर्शन, प्रश्न झाल्यावर अहवालाने चिकित्सा बदलणार नसेल, तर चिठ्ठी लिहू नये. लिहिलीच, तर कटिभाग हवा की पूर्ण कणा, हे नेमके नमूद करावे आणि कॉन्ट्रास्ट खरोखर लागेल का, हे क्ष-किरणतज्ज्ञास दूरध्वनीवरून आधीच विचारून घ्यावे.