डाव्या पायाचं काम कोण करणार?

मुलांनो, एस.टी.त ड्रायव्हरकाकांच्या अगदी पाठीमागची सीट मिळाली, की तुम्ही काय बघता? पळती झाडं? पुढच्या वेळी एक गंमत करा. काकांचे पाय बघा! उजवा पाय एकदा अ‍ॅक्सिलरेटरवर, एकदा ब्रेकवर. डावा पाय मात्र एकाच पेडलचा नोकर. गाडी सुटली, दाब क्लच. गिअर बदलला, दाब क्लच. समोर म्हैस आली, पुन्हा दाब! घाटातल्या एका प्रवासात हा पाय किती वेळा खाली-वर होतो, ते मोजून बघाच. बोटं पुरणार नाहीत.

आता मला सांगा, हा डावा पायच दुखायला लागला तर?

आज आपण याच प्रश्नाचा पाठलाग करत थेट अमेरिकेत जाणार आहोत. कारण हा उद्योग तिथे फार चालतो. टेक्सास राज्यातले एक शेतकरी आजोबा डोळ्यांसमोर आणा. त्यांच्याकडे 1970 च्या दशकातली शेव्हरोलेट कंपनीची ‘सी-टेन’ नावाची पिकअप आहे. पिकअप म्हणजे पुढे दोन-तीन माणसांची जागा आणि मागे सामानासाठी उघडा हौदा. इंजिन आठ सिलिंडरचं, 5.7 लिटरचं. या गाडीतून आजोबांनी चारा वाहिला, वासरं वाहिली, नातवंडंही वाहिली. तिथे स्टिअरिंग डावीकडे असतं, पण पेडलांचा क्रम आपल्यासारखाच. क्लच डाव्या पायाशी. आणि आजोबांचा डावा गुडघा आता कुरकुर करतो. क्लच दाबला, की कळ थेट मस्तकात!

मग आजोबांनी काय करावं? गाडी विकून घरी बसावं? छे! तिथले मेकॅनिक म्हणतात, “आजोबा, गुडघा बदलण्यापेक्षा आपण गिअरबॉक्सच बदलू.” हाताने गिअर टाकायची गाडी, आपोआप गिअर बदलणारी करायची! ऐकायला सोपं वाटतं ना? पण त्याआधी क्लच कशासाठी असतो, हे समजून घ्यायला हवं.

पेट्रोलच्या इंजिनाची एक खोड आहे. ते थांबलेलं असताना जोर लावू शकत नाही. आधी फिरत राहायचं, मग काम करायचं. गाडी सिग्नलला उभी असली, तरी ते मिनिटाला सहाशे-सातशे फेरे मारतच असतं. पण चाकं तर थांबलेली! मग फिरतं इंजिन आणि थांबलेली चाकं एकमेकांना जोडायची कशी? एकदम जोडली, तर हिसका बसून इंजिन बंद पडेल. म्हणून मध्ये क्लच असतो. दोन ताटल्या एकमेकींना दाबून धरल्या आहेत असं समजा. एक इंजिनाबरोबर फिरते, दुसरी गिअरबॉक्सकडे जोर नेते. पेडल दाबलं, की ताटल्या सुटतात. हळूहळू सोडलं, की थोड्या घसरत, थोड्या घासत पुन्हा जुळतात. हे ‘हळूहळू’ म्हणजेच डाव्या पायाचं कसब.

आणि गिअर? सायकलीवरून चढ चढताना काय होतं, ते आठवा. गिअरची सायकल असेल तर चढावर पाय भराभर मारावे लागतात, चाक सावकाश फिरतं, पण चढ चढतो. पहिला गिअर असाच. वेग कमी, जोर जास्त.

थोडक्यात, डावा पाय काढून टाकायचा, तर त्याची दोन कामं दुसऱ्या कुणीतरी करायला हवीत. पहिलं, इंजिन आणि चाकं अलगद जोडणं. दुसरं, गिअर बदलताना वेळ साधणं.

पहिलं काम करतं तेल! कसं, ते बघायचं असेल तर घरातल्या मोठ्या माणसांना सोबत घेऊन एक प्रयोग करा. टेबलावर दोन पंखे समोरासमोर ठेवा. जाळ्या काढायच्या नाहीत बरं का! एकच पंखा सुरू करा. दुसऱ्याची पिन भिंतीतून काढून ठेवा. थोड्या वेळात काय दिसेल? वीज नसलेला पंखासुद्धा फिरायला लागेल. दोघांमध्ये साखळी नाही, पट्टा नाही. मधल्या हवेनेच जोर पोचवला. दुसऱ्या पंख्याचं पातं पेन्सिलीने थांबवलं असतं (असं कुणी करू नका!), तरी पहिला पंखा फिरतच राहिला असता.

आता हे दोन पंखे एका बंद डब्यात घाला आणि हवेऐवजी तेल भरा. एक पंखा इंजिनाला जोडा, दुसरा गिअरबॉक्सला. मध्ये एक तिसरं, छोटं चाक बसवा. परत येणाऱ्या तेलाला ते योग्य दिशा देतं, त्यामुळे तेल पुन्हा जोर लावायला मदत करतं. या डब्याला म्हणतात ‘टॉर्क कन्व्हर्टर’. गाडी उभी असेल, तेव्हा तेल नुसतं घुसळत राहतं. पाय अ‍ॅक्सिलरेटरवर पडला, की तेलाचा झोत वाढतो आणि गाडी लोण्यासारखी पुढे सरकते. हिसका नाही, क्लच नाही. गंमत म्हणजे ही कल्पना मुळात मोटारीसाठी नव्हतीच. हेर्मान फ्योटिंगर या जर्मन इंजिनिअरने ती जहाजांसाठी काढली आणि 1905 मध्ये तिचं पेटंट घेतलं.

दुसरं काम, म्हणजे गिअर बदलण्याची वेळ साधणं, तेही तेलच करतं. गिअरबॉक्समध्ये तेलाचे दोन निरोप येतात. एक निरोप गाडीच्या वेगाचा: “आपण जोरात चाललोय, वरचा गिअर टाका!” दुसरा आजोबांच्या उजव्या पायाचा: “थांबा, चढ आहे, जोर हवाय, खालचाच राहू दे!” हे दोन दाब एका छोट्या दट्ट्याला दोन्ही बाजूंनी ढकलतात. रस्सीखेचच म्हणा ना! जी बाजू जिंकेल, तसा गिअर पडतो. 1982 साली आलेल्या ‘700-आर-4’ या गिअरबॉक्समध्ये हे असंच चालायचं. आजोबांच्या गाडीला हाच बसवू या. या कंपनीच्या अशा इंजिनांची मागची भोकं आणि या गिअरबॉक्सची भोकं जुळतात, म्हणून तिथले लोक तो आवडीने बसवतात.

आता एक गणित. जुन्या गिअरबॉक्सच्या पहिल्या गिअरमध्ये इंजिनाचे साधारण साडेसहा फेरे झाले, की बाहेरच्या दांड्याचा एक फेरा व्हायचा. नव्यात 3.06 फेऱ्यांना एक. म्हणजे जोर निम्म्याहून कमी झाला? चारा भरलेली गाडी जागची हलायची कशी? घाबरू नका. गाडी सुटताना टॉर्क कन्व्हर्टर इंजिनाचा जोर जवळजवळ दुप्पट करून देतो. मग 3.06 गुणिले 2 किती? सहाच्या थोडं वर. आलो की नाही साडेसहाच्या जवळ! आणि चौथ्या गिअरमध्ये तर इंजिनाच्या 7 फेऱ्यांत दांडा 10 फेरे मारतो. मोठ्या रस्त्यावर इंजिन शांत चालतं, पेट्रोलही वाचतं.

चला, आता पाने घेऊन गाडीखाली जाऊ या. जुना गिअरबॉक्स काढला, क्लच काढला, नवा बसवला, झालं काम! असं वाटलं ना? थांबा. मोजायला लागा.

इंजिनाच्या मागचं जाड, जड चाक, म्हणजे फ्लायव्हील, निघतं. त्याच्या जागी पत्र्यासारखी पातळ पोलादी चकती येते, कारण तेलाने भरलेला कन्व्हर्टर स्वतःच पुरेसा जड असतो. नव्या गिअरबॉक्सची लांबी वेगळी, म्हणून त्याला खालून आधार देणारी आडवी पट्टी सरकवावी लागते. चाकांकडे जोर नेणारा लांब दांडा, प्रॉपेलर शाफ्ट, मापाचा करून घ्यावा लागतो. तेल सतत घुसळलं, की तापतं. म्हणून ते थंड करायला दोन नळ्या रेडिएटरकडे किंवा वेगळ्या कूलरकडे न्याव्या लागतात. हाताच्या गिअरला ही भानगडच नव्हती. शिवाय एक विजेची तार हवी. तिच्यामुळे सपाट रस्त्यावर कन्व्हर्टरचे दोन्ही पंखे एकमेकांना घट्ट धरतात आणि तेलाचं घुसळणं वाचतं. मग नवा दांडा, ज्यावर पार्किंग, रिव्हर्स, न्यूट्रल आणि ड्राइव्ह अशा खुणा असतात. आणि एक स्विच, फार महत्त्वाचा! गाडी पार्किंग किंवा न्यूट्रलमध्ये नसेल, तर हा स्विच इंजिन सुरूच होऊ देत नाही. तो बसवायचा कंटाळा केला, तर किल्ली फिरवताच गाडी समोरच्या माणसावर धावून जाऊ शकते.

दोन जागा तर अशा आहेत, की घाई करणाऱ्याला त्या मुळीच माफ करत नाहीत. पहिली, कन्व्हर्टर बसवण्याची. तो फिरवत फिरवत आत ढकलायचा. तो एका ठिकाणी नाही, तीन ठिकाणी बसतो. टक, टक आणि टक! दोनच ‘टक’ झाले आणि तसेच बोल्ट आवळले, तर गिअरबॉक्समधला तेलाचा पंप फुटतो. म्हणून जाणता मेकॅनिक शेवटी मोजून बघतो. कन्व्हर्टर आणि चकती यांच्यात 3 ते 5 मिलिमीटर फट दिसली पाहिजे, तरच पुढचे बोल्ट.

दुसरी जागा एका बारीक केबलची. आजोबांच्या उजव्या पायाचा निरोप कार्बुरेटरपासून गिअरबॉक्सपर्यंत तीच नेते. ती सैल राहिली, तर तेलाचा दाब कमी पडतो, आतल्या प्लेटा घसरतात आणि नवाकोरा गिअरबॉक्स जळून जातो. शंभर किलोच्या घरातलं यंत्र, आणि त्याचा जीव करंगळीपेक्षा बारीक तारेत!

मुलांनो, आजचा खरा धडा इथे आहे. आपल्याला काढायचं होतं एकच पेडल. पण यंत्रात एकटं कुणीच नसतं. पेडल क्लचला धरून, क्लच गिअरबॉक्सला, गिअरबॉक्स शाफ्टला, शाफ्ट चाकाला. एकाला हलवलं, की दहा जण विचारतात, “आता माझं काय?” त्या दहाही जणांना उत्तर देतो, तो खरा कारागीर.

आता कुणी म्हणेल, एका गुडघ्यासाठी एवढा खटाटोप? तर थोडा इतिहास ऐका. 1939 मध्ये जनरल मोटर्स कंपनीने ‘हायड्रा-मॅटिक’ हा आपोआप चालणारा गिअरबॉक्स जाहीर केला आणि तो 1940 च्या ओल्डस्मोबिल मोटारींत बसवला. क्लचचं पेडल त्यात नव्हतंच. दुसऱ्या महायुद्धात तो हलक्या रणगाड्यांतही गेला. युद्ध संपलं तेव्हा कितीतरी सैनिक पाय गमावून घरी परतले. 1946 मध्ये अमेरिकेने कायदा करून अशा सैनिकांना मोटारीसाठी 1,600 डॉलरपर्यंत मदत दिली. ज्याला डावा पाय नाही, त्याला क्लच नसलेली गाडी ही चैन होती का? नाही. ती घराबाहेर पडण्याची, कामावर जाण्याची, कुणाच्या मदतीशिवाय जगण्याची वाट होती.

आईबाबांनो, ही दोन वाक्यं तुमच्यासाठी. आपल्याकडे गाडीत मनाला येईल तसे बदल करता येत नाहीत. मोटार वाहन कायदा 1988, कलम 52 नुसार नोंदणीपुस्तकातल्या माहितीशी विसंगत होईल असा बदल चालत नाही, आणि दिव्यांग व्यक्तीसाठी गाडी बदलून घ्यायची असली, तरी आधी आर.टी.ओ.त विचारायलाच हवं. आपल्याकडे 2014 मध्ये मारुतीच्या सेलेरिओ मोटारीने वेगळी युक्ती आणली. गिअरबॉक्स साधाच, पण क्लच दाबायला आणि गिअर टाकायला एक छोटं यंत्र. डाव्या पायाचं काम तेलाच्या पंख्यांनी नाही, यांत्रिक पायाने केलं म्हणा!

पुढच्या वेळी शाळेत एखाद्याला जिना चढताना त्रास होताना दिसला, तर आजोबांची पिकअप आठवा. माणसाला वस्तूप्रमाणे वाकवायचं, की वस्तूला माणसाप्रमाणे वळवायचं? जिन्याला कठडा लावणं, वर्ग तळमजल्यावर आणणं, हेही गिअरबॉक्स बदलणंच आहे.

आणि हे आजचं कोडं. विजेवर चालणाऱ्या मोटारीत क्लचचं पेडल नसतं. का बरं? उत्तर याच लेखात दडलेलं आहे. पेट्रोलच्या इंजिनाची खोड कोणती, ते पुन्हा वाचा आणि वहीत दोन ओळींत उत्तर लिहा. आईबाबांना लगेच विचारायचं नाही हं. आधी स्वतःचं डोकं, मग त्यांचं!