तुळशीनं मान का टाकली?

मुलांनो, पावसाळ्यात आमच्या वर्गातल्या कुंडीतली तुळस मलूल झाली. "बाई, तिला तहान लागलीय!" म्हणत जो तो आपल्या बाटलीतलं पाणी ओतू लागला. चार दिवसांत पानं पिवळी पडून गळू लागली. रोज पाणी घालणारी एक चिमुरडी रडवेली झाली. "बाई, माझ्यामुळंच मेली का?"

मी मातीत बोट खुपसलं. आत नुसता चिखल! कुंडीचं भोक बुजलेलं. आपली नांदेड-लातूरकडची काळी माती पाणी धरून ठेवते. मुळांना हवाही लागते बरं का! ती मिळाली नाही की मुळं कुजतात. मग भोवती पाणी असूनही झाड सुकतं.

आम्ही तुळस अलगद काढली. काळी पडलेली मऊ मुळं कापली. भोक मोकळं करून त्यावर खापराचा तुकडा ठेवला. मातीत वाळू नि शेणखत मिसळलं. कुंडी आठवडाभर सावलीत ठेवली. पंधरा दिवसांनी कोवळी पानं फुटली आणि ती चिमुरडी हसली!

एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं, हे आईबाबांना विचारा. अशा आपल्या भागात ओंजळभर पाणीही जपून वापरायला हवं. म्हणून आधी दोन पेरं बोट मातीत घाला. कोरडं लागलं, तरच पाणी द्या. तांदूळ धुतलेलं पाणीसुद्धा चालतं.

माया करावी, पण आधी विचारपूस करावी. खरं ना?

– तुमच्या बाई