जुन्या सर्व्हरवरचे नवे फ्रेमवर्क

बारामतीत तुळजाराम चतुरचंद महाविद्यालय १९६२ साली आणि विद्या प्रतिष्ठान १९७२ साली स्थापन झाले, आणि अशा संस्थांमुळे पुढे संगणकाचे शिक्षण बारामती-इंदापूर पट्ट्यातच मिळू लागले. येथे शिकलेला तरुण आज रिअ‍ॅक्ट, अँग्युलर किंवा व्ह्यू यांपैकी एखादे जावास्क्रिप्ट फ्रेमवर्क, म्हणजे ब्राउझरमध्येच पाने रचणारी तयार चौकट, वापरून संकेतस्थळ बांधतो. मात्र ज्या पतसंस्थेसाठी, शाळेसाठी वा कृषी सेवा केंद्रासाठी तो ते बांधतो, त्या संस्थेच्या संकेतस्थळाची जागा बहुतेकदा भाड्याच्या सामायिक सर्व्हरवर असते, आणि तेथे १९९५ या एकाच वर्षी अवतरलेल्या अपाचे हा सर्व्हर-प्रोग्राम व पीएचपी ही भाषा या जोडीचा अंमल असतो. फ्रेमवर्कचे आणि अशा सर्व्हरचे जमणार नाही असे गृहीत धरून संस्थेला दरमहा भाड्याचा स्वतंत्र सर्व्हर घ्यायला लावणे हा बहुधा अनाठायी सल्ला आहे.

गैरसमजाचे मूळ नोडमध्ये आहे. रायन डाल यांनी २००९ साली आणलेला नोड हा ब्राउझरबाहेर जावास्क्रिप्ट चालवणारा प्रोग्राम असून, फ्रेमवर्कवर काम करताना तो स्वतःच्या संगणकावर लागतो, म्हणून तो सर्व्हरवरही हवाच असे वाटू लागते. वस्तुतः ‘बिल्ड’ नावाच्या टप्प्यात सारा कोड एकत्र होऊन त्याच्या एचटीएमएल, सीएसएस आणि जावास्क्रिप्टच्या साध्या फायली बनतात. माळेगावच्या किंवा भवानीनगरच्या साखर कारखान्यात उसाचे गाळप झाल्यावर साखरेच्या दुकानात गाळपाची यंत्रे लागत नाहीत, तसे बिल्डनंतर सर्व्हरला मागितलेली फाइल उचलून देण्यापलीकडे काही करायचे नसते. प्रत्येक मागणीगणिक पान सर्व्हरवरच रचायचे असेल, तर मात्र नोड अखंड चालू ठेवावा लागतो आणि वेगळ्या सर्व्हरचा खर्च समर्थनीय ठरतो.

खरी अडचण पत्त्यांची आहे. अशा संकेतस्थळात पानाची प्रत्यक्ष फाइल एकच, इंडेक्स नावाची, असते. ‘निकाल’ किंवा ‘ठेवींचे दर’ ही पाने सर्व्हरवर नसतात, तर ब्राउझरमधला राउटर, म्हणजे पत्ता पाहून पान ठरवणारा भाग, ती उभी करतो. त्यामुळे मुखपृष्ठावरून गेल्यास सारे सुरळीत चालते, पण व्हॉट्सअ‍ॅपवर आलेल्या दुव्यावरून कोणी थेट ‘निकाल’ पानावर आला की अपाचे त्या नावाची फाइल शोधतो आणि ४०४, म्हणजे ‘सापडले नाही’, असे उत्तर देतो. प्रात्यक्षिक नेहमी मुखपृष्ठापासून सुरू होत असल्याने हा दोष संस्थेच्या कार्यालयात कधीच दिसत नाही, तो पालकांना दिसतो. त्यावर उपाय म्हणून फोल्डरपुरते नियम लिहिण्याची डॉट-एचटीअ‍ॅक्सेस ही फाइल वापरून, मागितलेली फाइल वा फोल्डर नसेल तर इंडेक्स द्यावी, अशी सूचना अपाचेला देता येते.

हा नियम डोळे झाकून उतरवला तर दुसरेच दुखणे सुरू होते. बिल्डमधील जावास्क्रिप्ट फायलींच्या नावात मजकुराप्रमाणे बदलणारी अक्षरे असतात, आणि ब्राउझरने जुनी इंडेक्स साठवून ठेवली असेल तर तो सर्व्हरवरून पुसली गेलेली जुनी फाइल मागतो. तेव्हा नियमानुसार जावास्क्रिप्टच्या जागी एचटीएमएल हाती पडते, ‘सापडले नाही’ असेही कोणी सांगत नाही, आणि पडदा पांढरा राहतो. म्हणून जावास्क्रिप्ट-सीएसएसचे फोल्डर या नियमातून वगळावे, आणि इंडेक्स दर वेळी सर्व्हरकडे विचारूनच वापरावी असे ब्राउझरला बजावावे. विंडोजवर दिसणारे चित्र सर्व्हरवर दिसत नसेल, तर सर्व्हरवरचा लिनक्स फायलींच्या नावांतील इंग्रजी लहान-मोठी अक्षरे वेगळी मानतो, हेच कारण बहुधा निघते.

एवढे करूनही, उसाचा दर, सुट्ट्यांची यादी आणि दूरध्वनी क्रमांक दाखवणाऱ्या पाच पानांना फ्रेमवर्क कशासाठी, हा प्रश्न उरतोच. स्वस्त फोनवर साधे एचटीएमएल आधी दिसते, आणि ते पुढे कोणालाही दुरुस्त करता येते. फ्रेमवर्कचे तसे नाही. बिल्ड केलेल्या फायली माणसाने वाचण्याजोग्या राहत नाहीत, आणि मूळ कोड ज्या लॅपटॉपवर होता तो घेऊन तो तरुण हिंजवडीला नोकरीला गेला की संस्थेच्या हाती एक ओळही बदलता न येणारे संकेतस्थळ उरते. त्यामुळे शेवटचे देयक चुकते करण्यापूर्वी मूळ कोडचे फोल्डर, वापरलेल्या पॅकेजांच्या नेमक्या आवृत्त्या नोंदवणाऱ्या फाइलसह, संस्थेने आपल्या संगणकावर उतरवून घ्यावे आणि त्यावरून एकदा बिल्ड करून पाहावे.