बागेतली रेल्वे : मालक तोच गँगमन!

खेळण्यातली आगगाडी घरात मांडायची तर रुळांचा एक गोल, एक इंजिन, चार डबे आणि पलंगाखालचा बोगदा एवढ्यावर भागतं. खेळ संपला की सगळं खोक्यात, आणि खोकं माळ्यावर! पण हीच गाडी घराबाहेर, बागेत नेऊन कायमची बसवली की मामला एकदम बदलतो. तिथे ऊन आहे, पाऊस आहे, मुंग्यांची वारुळं आहेत, शेजाऱ्यांचं मांजर आहे. अशा सगळ्यांशी जमवून घेत इंग्लंड, जर्मनी, अमेरिकेतल्या अनेक घरांच्या मागच्या अंगणात ही गाडी वर्षानुवर्षं धावते आहे.

पुण्यातल्या पेशवे पार्कातली १९५६ सालची फुलराणी इथे आठवेल. पण ती बसायची गाडी. बागेतली रेल्वे बघायची असते. तिचे दोन रूळ जेमतेम दोन-तीन बोटांच्या अंतरावर असतात आणि डब्यात बसू शकतो तो फार तर एखादा बेडूक. मात्र तिला बाकी सगळं खऱ्या रेल्वेचं लागतं. भराव, खडी, पूल, सांधे, सिग्नल... आणि हे सगळं राखणारा माणूस. या छंदात शिरणारे बहुतेक जण इंजिन ड्रायव्हर व्हायला येतात. वर्षभरात त्यांच्या लक्षात येतं की आपली नेमणूक गँगमनच्या जागी झाली आहे!

या हौसेचं एक जुनं आणि नामांकित उदाहरण इंग्लंडमधल्या बेकनस्फील्ड गावात आहे. रोलंड कॅलिंगहॅम हे लंडनमधले अकाउंटंट. त्यांच्या घरात खेळण्यातल्या रेल्वेने इतकी जागा अडवली की एक दिवस पत्नीने निर्वाणीचा इशारा दिला, ही गाडी तरी घराबाहेर जाईल नाही तर मी! अशी आख्यायिका आहे. खरी असो वा नसो, जगातल्या कुठल्याही गृहिणीला ती पटेल. गाडी बाहेर गेली. घराशेजारच्या जागेत कॅलिंगहॅम यांनी माळी, स्वयंपाकीण, मोलकरीण आणि शोफर अशा घरच्याच नोकरमाणसांना हाताशी धरून छोटी छोटी घरं, तळी, टेकड्या उभ्या केल्या. रेल्वेच्या कामात नॉर्दम्प्टनच्या बॅसेट-लोक या मॉडेल बनवणाऱ्या प्रसिद्ध कंपनीची मदत झाली. १९२९ मध्ये 'बेकनस्कॉट' हे चिमुकलं गाव लोकांना खुलं झालं. पुढे राणी झालेली एलिझाबेथ लहानपणी ते बघायला आली होती.

तिथल्या गाडीच्या रुळांमधलं अंतर आहे ४५ मिलिमीटर. गाडी तिकीट काढून आलेल्या पाहुण्यांसाठी धावते, म्हणजे सकाळी गाव उघडलं की संध्याकाळपर्यंत धावतच राहते. घरातलं मॉडेल आठवड्यातून तासभर चालतं. ही रोज तासन्‌तास धावणारी गाडी रूळ झिजवते, चाकं झिजवते, मोटारी जाळते. दुरुस्तीची कार्यशाळा हा त्या गावाचा पाहुण्यांना न दिसणारा, पण सर्वांत कामाचा भाग. नवनव्या इमारती उभारत काळाबरोबर चालण्याचा नाद त्यांनी १९९२ मध्ये सोडून दिला आणि सगळं गाव पुन्हा १९३० च्या दशकात नेऊन ठेवलं. शहाणपणाचं केलं. खर्च वजा जाता उरणारा पैसा धर्मादाय कामाला जातो.

सामान्य माणसाच्या आवाक्यात हा छंद आला तो जर्मनीमुळे. लेहमान ही १८८१ साली सुरू झालेली, पत्र्याच्या खेळण्यांसाठी गाजलेली कंपनी. दुसऱ्या महायुद्धानंतर ती न्यूरेंबर्गला नव्याने उभी राहिली आणि १९६८ मध्ये तिने पाऊस झेलू शकेल अशी मोठी गाडी बाजारात आणली. नाव एल.जी.बी., म्हणजे साध्या मराठीत 'लेहमानची मोठी गाडी'. तोवर बागेत रेल्वे करायची तर बरंच काही स्वतः घडवावं लागे. आता खोकं उघडा, रूळ जोडा, बटण फिरवा! उन्हाने न तडकणाऱ्या प्लास्टिकचे स्लीपर, पितळेचे भरभक्कम रूळ. कंपनी मात्र २००६ मध्ये दिवाळखोरीत गेली आणि पुढच्या वर्षी मार्क्लिन या दुसऱ्या जर्मन कंपनीने ती घेतली. गाड्या अजून निघतात. किमती ऐकून मात्र घाम फुटतो.

इथे मापांची एक गंमत सांगायला हवी. एल.जी.बी.चं प्रमाण एकास साडेबावीस. रुळांतलं ४५ मिलिमीटर अंतर साडेबावीसने गुणा, उत्तर जवळजवळ एक मीटर येतं. म्हणजे ही झाली मीटर गेज! एके काळी मनमाडहून औरंगाबाद-परभणीकडे जाणारी गाडी ज्या रुंदीच्या रुळावर धावत होती, तीच. इंग्रजांमध्ये दुसरं एक माप लोकप्रिय आहे, ३२ मिलिमीटरचं. त्यात एका फुटाला १६ मिलिमीटर धरतात, म्हणून ३२ म्हणजे दोन फूट. दोन फुटी रूळ कुणाचा? १९०७ साली सुरू झालेल्या आपल्या नेरळ-माथेरान गाडीचा आणि दार्जिलिंगच्या गाडीचा. दार्जिलिंगच्या 'बी' वर्गातल्या निळ्या इंजिनाची खऱ्या वाफेवर चालणारी छोटी प्रतिकृती राउंडहाउस या ब्रिटिश कंपनीने काढली आणि हिमालयातलं इंजिन इंग्लंडच्या गुलाबांच्या वाफ्यांतून शिट्टी मारत फिरू लागलं.

आता मुख्य कामाकडे वळू. रूळ टाकायचा कशावर? नुसत्या मातीवर टाकला तर पहिल्याच पावसाळ्यात त्याचा साप होतो. म्हणून चर खणून त्यात खडी ठासतात, किंवा खाली सिमेंटचे ठोकळे बसवतात. वर पसरायची ती बारीक कच. नदीतली गुळगुळीत गोटी इथे कामाची नाही, ती घरंगळते. फोडलेल्या दगडाची टोकं एकमेकांत अडकून रूळ धरून ठेवतात. मोठ्या रेल्वेतही खडी फोडलेलीच असते, ती याच कारणाने. चढ शंभराला दोन, फार तर तीन. वळण जितकं ऐसपैस तितकं बरं. सर्वांत लहान वळणाचा गोल साधारण सव्वा मीटर व्यासाचा असतो. त्यावर छोटं इंजिन फिरतं, लांबलचक एक्स्प्रेस नाही.

नवखा माणूस हमखास फसतो तो रूळ स्क्रूने पक्का आवळण्यात. पितळ उन्हात वाढतं. दहा मीटर लांब सरळ रूळ पहाटेच्या गारव्यापेक्षा तीस अंशांनी तापला की सहा मिलिमीटरच्या आसपास लांबतो. इंग्लंडच्या फिक्या उन्हातसुद्धा पितळी रूळ हवेपेक्षा पुष्कळ जास्त तापतो. त्याला सरकायला जागा ठेवली नाही तर तो बाजूला वाकतो, आणि दुपारी अडीचची गाडी थेट झेंडूच्या वाफ्यात! म्हणून जाणकार रूळ बांधत नाहीत, खडीत नुसता निजवून ठेवतात आणि जोडांत बारीकशी फट सोडतात. माती दर पावसात थोडी खचते आणि खडी दर पावसात थोडी वाहून जाते. वर्षातून एकदा तरी पाणसाळ घेऊन गुडघ्यावर बसत सगळी लाईन तपासावी लागतेच.

रोजचं काम वेगळं. सकाळी गाडी काढण्याआधी लाईनवरून एक फेरी मारायची. हातात लहान कुंचा, कमरेला कात्री. काडी, पान, फळाची बी, गोगलगाय. गोगलगाय हा विनोद नव्हे. ती चाकाखाली चिरडली की रूळ असा निसरडा होतो की इंजिनाची चाकं जागच्या जागी फिरत राहतात. मुंग्या सांध्याच्या पात्यापाशी मातीचा ढीग करतात आणि सांधा बसत नाही. मांजराला बोगदा आवडतो. शरद ऋतूत पानं पडू लागली की त्यांचा लगदा रुळाला चिकटतो. मोठ्या रेल्वेलाही ही पानं दरवर्षी छळतात. १९९१ च्या फेब्रुवारीत बर्फामुळे गाड्या कोलमडल्या तेव्हा बर्फ नेहमीच्या जातीचं नव्हतं अशा अर्थाचा खुलासा ब्रिटिश रेल्वेकडून आला आणि देशभर त्याची टर उडाली. बागेतली रेल्वे सांभाळणाऱ्यांना मात्र त्यात काही चुकीचं वाटलं नसेल!

गाडी विजेवर चालत असेल तर आणखी एक ताप. वीज रुळातून येते, वीस-चोवीस व्होल्टच्या आसपास, त्यामुळे हात लागला तरी भीती नाही. पण पितळावर काळपट थर चढला की वीज चाकापर्यंत नीट पोहोचत नाही. गाडी आचके देते, दिवे मिचकावते, थांबते. मग लांब दांड्याला घासणी लावून रूळ पुसत जायचं. घासणी प्लास्टिकच्या काथ्याची हवी. लोखंडी काथ्याचे बारीक तंतू रुळावर पडतात, इंजिनातल्या मोटारीचं लोहचुंबक ते ओढून घेतं आणि मोटार बसते. जोडांमध्येही वीज अडते. तिथे वीजवाहक मलम भरतात किंवा पितळी पट्टी स्क्रूने आवळतात.

या घासाघाशीला कंटाळलेल्यांनी वाट काढली. बॅटरी इंजिनातच ठेवायची आणि रेडिओने गाडी चालवायची. रूळ काळा झाला तरी चालतो, वीज त्यातून जातच नाही. लिथियमच्या हलक्या बॅटऱ्या आल्यापासून हा पंथ वाढला. सगळ्यांत सोयीचा मार्ग हाच, यात वाद नाही. पण खऱ्या वाफेवाल्यांना हे पटत नाही. त्यांच्या इंजिनात तळहाताएवढा बॉयलर, खाली गॅसची किंवा स्पिरिटची ज्योत आणि दाब चौरस इंचाला चाळीस पौंडांच्या घरात. पाणी ऊर्ध्वपातित घालायचं, नळाच्या पाण्याने आत क्षार बसतात. टाकी अशी बेतलेली असते की गॅस आधी संपावा, पाणी नंतर. बॉयलर कोरडा तापता कामा नये. एकदा पेटवलं की वीसेक मिनिटं धाव. मग इंजिन निवेपर्यंत थांबा, पुसा, तेलपाणी करा आणि पुन्हा पहिल्यापासून. वीस मिनिटांच्या गाडीसाठी तासाभराचा खटाटोप! लहान मुलांनी मात्र या इंजिनापासून हातभर लांबच बसावं. पितळी बॉयलरचा चटका इस्त्रीपेक्षा कमी नसतो.

झाडांचा हिशेबही निराळाच. गाडी लहान म्हणून झाडही लहान पानांचं हवं, नाही तर एका पानाखाली अख्खं स्टेशन झाकलं जातं. तिकडे जमिनीलगत पसरणारी थाईम, सेडम, खुजे सूचिपर्णी वृक्ष लावतात. दर पंधरवड्याला कात्री लागते. घरात रेल्वे एकाची आणि बाग दुसऱ्याची असेल तर तह करावा लागतो, आणि तो बहुतेक वेळा बागवाल्याच्या अटींवर होतो.

आपल्याकडे लहान रेल्वेची हौस नाही असं नव्हे. पुण्यात कोथरूडला भाऊसाहेब जोशी यांनी उभं केलेलं छोट्या रेल्वेचं संग्रहालय १९९८ पासून लोक गर्दी करून बघतात. पण ते छपराखाली आहे. उघड्यावर रेल्वे करायची तर इथला पाऊस धरून चालावं लागेल. भराव उंच हवा, पाणी वाहून जायला बाजूने चर हवा, ट्रान्सफॉर्मर घराच्या आतच राहिला पाहिजे. आणि इंजिन-डबे पावसाळाभर खोक्यात. त्यात कमीपणा नाही. खुद्द माथेरानची गाडीसुद्धा नेरळ ते अमन लॉज दरवर्षी पावसाळ्यात बंदच असते! गच्चीवर कुंड्यांच्या मधून एक गोल टाकून सुरुवात करणं सर्वांत बरं. रूळ किती तापतो, किती सरकतो हे एका उन्हाळ्यात कळतं.

तरीही या छंदाचा खरा शत्रू पाऊस नाही, मुंग्या नाहीत. गुडघे! हा छंद अनेकांना निवृत्तीनंतर मिळतो, कारण वेळ आणि पैसा दोन्ही तेव्हाच हाताशी येतात. साठाव्या वर्षी जमिनीवर टाकलेली लाईन सत्तराव्या वर्षी खूप खाली गेल्यासारखी वाटू लागते. वाकून जोड आवळणं, उलटलेला डबा उचलणं जमत नाही. एक पानगळ बिनझाडलेली राहिली, एक पावसाळा खडी न भरता गेला की गवत रूळ गिळायला लागतं. म्हणून अनुभवी मंडळी नवख्यांना आधीच सांगतात, लाईन कमरेच्या उंचीवर बांधा. लाकडी खांब रोवा, वर फळ्या ठोका किंवा विटांची बुटकी भिंत घाला. दिसायला थोडी कृत्रिम वाटते, गाडी फुलांतून न जाता फुलांच्या वरून जाते. पण खुर्चीवर बसून रूळ पुसता येतो, आणि चाकाच्या खुर्चीत बसलेल्या आजोबांनाही सांधा बदलता येतो.

१९६१ मध्ये कॅलिंगहॅम गेले. बेकनस्कॉट चालू राहिलं, कारण तोवर तिथे तिकिटाचं उत्पन्न होतं, पगारी माणसं होती, मागे संस्था उभी होती. घरगुती रेल्वेला यातलं काही नसतं. नातवंडांना नाद लागला तर ठीक. नाही तर क्लबातले मित्र एखाद्या शनिवारी येतात, बोगद्यात अडकलेला शेवटचा डबा काढून देतात, इंजिनांना तेल लावून खोक्यात भरतात. जुन्या मालाच्या जाहिरातीत मग इंजिनांखाली रूळही येतो, मीटरच्या भावाने, आणि घेणाऱ्याने तो स्वतः उखडून न्यायचा असतो.